परिचारिकांचे कार्यसमाधान : मापन
परिचारिकांना कामातून मिळणारे समाधान प्रश्नावलीच्या आधारे अंकांत मांडण्याची पद्धत. अमेरिकेत पॉला स्टॅम्प्स व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेला कार्यसमाधान निर्देशांक हे तिचे ठळक उदाहरण. वेतन, स्वायत्तता, कामाच्या अपेक्षा, संस्थेची धोरणे, व्यावसायिक प्रतिष्ठा व परस्परसंबंध हे त्याचे सहा घटक. त्यांच्या १५ जोड्या देऊन प्रत्येकीत अधिक महत्त्वाचे काय, हे आधी विचारतात. मग ४४ विधानांवर सात पायऱ्यांच्या श्रेणीत सहमती नोंदवतात. वेळ वाचवण्यासाठी अनेकदा पहिला भागच गाळला जातो, आणि निर्देशांकाचे खरे बळ तर त्यातच आहे. पगाराची नाराजी आणि मान न मिळाल्याची नाराजी एकाच मापाने तोलली, की सरासरी हाती येते, कारण निसटते.

मनाची अवस्था मोजण्यापेक्षा नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण पाहावे, हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु घरकर्जाचे हप्ते चालू असलेली असमाधानी परिचारिकाही नोकरीत टिकून राहते. शिवाय ही उत्तरे निव्वळ लहरी नसतात. लिंडा एकेन व सहकाऱ्यांच्या २००२ मधील पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढल्यास असमाधानाची शक्यता (odds) १५ टक्क्यांनी, तर भावनिक थकव्याची २३ टक्क्यांनी अधिक आढळली. एकाच वेळच्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. संबंध मात्र स्पष्ट दिसतो. अधिक गंभीर अडचण अपेक्षांची आहे: ज्यांनी अपेक्षाच सोडल्या, त्यांचे गुण चांगले येऊ शकतात. म्हणून गुणांशेजारी रुग्णसंख्या आणि रात्रपाळ्यांची नोंद हवी, आणि उत्तरे मोकळेपणाने यावीत यासाठी भरलेली प्रश्नावली मेट्रनच्या हाती जाता कामा नये.