तान्ह्या पोळ्याला परी व्हायचंय? एका रात्रीत असा तयार करा पोशाख

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, वर्धा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले सजवलेले लाकडी नंदी घेऊन येतात आणि नंतर घरोघरी जाऊन बोजारा गोळा करतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केल्याचे सांगितले जाते. सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी ओळखला जातो.

अनेक ठिकाणी नंदी सजावटीबरोबर वेशभूषा स्पर्धाही असते. शेतकरी, राधा, कृष्ण यांच्या रांगेत एखादी परी दिसतेच. अडचण असते ती वेळेची. पोळ्याचा दिवस बैलांचा आणि पुरणपोळीचा. परीकडे लक्ष जाते तेव्हा हातात एक संध्याकाळ उरलेली असते. तेवढ्या वेळात पोशाख होतो, फक्त क्रम पाळायचा: आधी पंख, मग घागरा, सजावट सगळ्यात शेवटी.

परी ओळखू येते कशावरून?

‘परी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आपल्या कथांतल्या अप्सरेला पंख नसतात. आज डोळ्यांसमोर येणारी फुलपाखराच्या पंखांची परी युरोपातल्या चित्रांतून आणि रंगभूमीवरून आली. जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’ या १९०४ च्या नाटकात टिंकर बेल ही परी रंगमंचावर फक्त हलत्या प्रकाशाच्या ठिपक्याने दाखवत. मुलांच्या ओळखीची हिरव्या फ्रॉकमधली टिंकर बेल डिस्नेच्या १९५३ च्या चित्रपटातली.

अशा एखाद्या ठरावीक पात्राचा हुबेहूब वेश करण्याला आता कॉस्प्ले म्हणतात. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ हे शब्द जोडून तो जपानमध्ये १९८० च्या दशकात रूढ झाला. पण एका रात्रीत हुबेहूबपणाच्या मागे लागू नका. पंख, घेरदार घागरा आणि छडी या तीन गोष्टी जमल्या की परी लांबूनही ओळखू येते. वर घरातलाच फिकट रंगाचा साधा फ्रॉक किंवा बनियन चालतो.

काय काय लागेल?

सहा वर्षांच्या मुलीसाठी साधारण हा अंदाज धरा:

- १४ गेजची, म्हणजे सुमारे २ मिमी जाडीची जी.आय. तार, ४ मीटर
- घागऱ्यासाठी ३ मीटर नेट, पन्हा सुमारे १४० सेंमी
- पंखांसाठी जुनी नेटची किंवा ऑर्गंझाची ओढणी
- अडीच सेंमी रुंदीचे इलास्टिक, २ मीटर
- जाड पुठ्ठा, सुती कापडाचा तुकडा, चिकटपट्टी, सुई-दोरा

सजावटीसाठी वेगळे दुकान शोधू नका. पोळ्याच्या बाजारात बैलांच्या साजासाठी बेगड, गोंडे, झालर, घुंगरू सगळे मिळते. शिंगांवर चमकणारी बेगड परीच्या मुकुटावरही तितकीच चमकते.

पंख: दीड ते दोन तास

कागदावर एक मोठा आणि एक लहान पंख काढा. वरच्या प्रत्येक पंखाला १ मीटर आणि खालच्या प्रत्येकाला ७० सेंमी तार लागते. चित्रावर ठेवून तार वाकवा आणि दोन्ही टोके १० सेंमी मोकळी सोडा. चारही पंखांची टोके मधोमध पिळून एकत्र करा. त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे टोक पाठीला टोचणार नाही.

ओढणी तारेवर पसरून कडेने २ सेंमी जास्त कापा. ही कड तारेवर दुमडून हाताने धावदोरा घाला. इथेच बहुतेकांचा वेळ वाया जातो, कारण शिवण्याऐवजी कापड चिकटवले जाते. फेव्हिकॉल पूर्ण घट्ट व्हायला रात्र जाते, पावसाळ्याच्या दमट हवेत तर त्याहून जास्त. टाका मात्र घातल्याक्षणी पक्का. नेटचा आणखी एक फायदा असा की तिच्यातून वारा आरपार जातो, त्यामुळे मूल मागे ओढले जात नाही. जिलेटीन पेपर चमकतो छान, पण तारेपाशी लवकर फाटतो.

आता तळहाताएवढा पुठ्ठा कापडात गुंडाळून पंखांच्या मध्यभागी शिवून टाका. त्याला शाळेच्या दप्तरासारखे इलास्टिकचे दोन पट्टे जोडा. माप मुलाच्या अंगावरच घ्या: खांद्यावरून काखेखाली, परत पाठीपर्यंत. पंखांची रुंदी दोन्ही कोपर बाहेर काढल्यावर होते त्याहून जास्त नको. रांगेत शेजारच्याच्या डोळ्याला लागू शकतात.

घागरा: एक तास, मशीन नको

कंबरेच्या मापापेक्षा ४-५ सेंमी कमी इलास्टिक घ्या आणि टोके शिवून गोल करा. नेटच्या १० सेंमी रुंद, ७० सेंमी लांब पट्ट्या कापा. ३ मीटर नेटमधून अशा ६० पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडा, दुमड इलास्टिकखालून वर काढा, तिच्यातून दोन्ही टोके ओवून ओढा. गाठ बसते आणि गुडघ्यापर्यंतचा घेर आपोआप तयार होतो. पायघोळ घागरा टाळा. मैदानात चिखल असतो.

आत एक छोटी कापडी पिशवी कमरेला बांधा. एका हातात नंदीची दोरी, दुसऱ्या हातात छडी, मग बोजारा ठेवायचा कुठे?

मुकुट आणि छडी: अर्धा तास

छडीसाठी तुराटीची सरळ काडी घ्या. हलकी असते. टोके पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, वर बेगड गुंडाळा आणि पुठ्ठ्याचा तारा दोऱ्याने बांधा. मुकुट घरातल्या हेअरबँडवरच करा. नवा मुकुट डोक्यावरून घसरत राहतो.

हे विसरू नका

- नायलॉनची नेट आगीजवळ वितळते आणि कातडीला चिकटते. नंदीच्या पूजेच्या वेळी निरांजन, उदबत्ती आणि फटाक्यांपासून मुलाला दूर उभे करा. ओवाळायचे असेल तर पंख आणि घागरा घालण्याआधी ओवाळा.
- चमकी डोळ्यांजवळ लावू नका. क्राफ्टची चमकी चेहऱ्यासाठी नसते.
- बटण सेलवर चालणारी दिव्यांची माळ लावायची असेल, तर सेलचा डबा स्क्रूने बंद होणारा हवा. बटण सेल गिळला गेल्यास जिवावर बेतू शकते.
- परी गोरीच असते असे कुठेही लिहिलेले नाही. चेहऱ्यावर पांढरी पावडर थापू नका.
- पाऊस आला तर पंख पटकन काढता आले पाहिजेत. ते फ्रॉकला शिवू नका.

झोपण्याआधी पाच मिनिटे

पूर्ण पोशाख घालून मुलाला अंगणात नंदी ओढत चालू द्या. मग बसायला, वाकायला, दोन्ही हात वर करायला सांगा. पट्टा काचत असेल किंवा तार टोचत असेल तर ते आत्ताच कळेल आणि चार टाक्यांत सुधारता येईल. वेळ संपला असेल तर टिकल्या आणि लेस राहू द्या. स्पर्धा तासाभराची, पण बोजाऱ्याची फेरी संध्याकाळभर चालते, आणि तेवढा वेळ मुलाला त्या पंखांत सुखाने फिरता आले पाहिजे.