आक्रमणाची इंग्रजी परिभाषा आणि जबाबदारीचा प्रश्न

अमेरिका व ब्रिटनच्या फौजांनी २० मार्च २००३ रोजी इराकवर हल्ला चढविला. वॉशिंग्टनने या मोहिमेला 'ऑपरेशन इराकी फ्रीडम' असे नाव दिले. समर्थकांनी तिला 'लिबरेशन' म्हणजे मुक्ती म्हटले, तर टीकाकारांनी 'इन्व्हेजन' म्हणजे आक्रमण. घटना एकच, परंतु तिच्या परिणामांना जबाबदार कोण, हे अनेकदा अशा शब्दांतून सूचित होत असते.

यांतील सर्वांत वजनदार शब्द 'ऑक्युपेशन', अर्थात लष्करी ताबा. १९०७ च्या हेग नियमावलीनुसार एखादा प्रदेश प्रत्यक्षात शत्रुसैन्याच्या अधिकाराखाली आला की तो व्याप्त ठरतो. तेथे सुव्यवस्था राखण्याचे कर्तव्य ताबा घेणाऱ्यावर येते. लोकांना अन्न व औषधे मिळतील हे शक्य तितके पाहण्याची जबाबदारी १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने त्यात जोडली. बगदादमध्ये लुटालूट माजली असताना अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी ११ एप्रिल २००३ रोजी 'स्टफ हॅपन्स', म्हणजे असे घडतच असते, अशी तिची बोळवण केली. मात्र २२ मे रोजी सुरक्षा परिषदेच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने या दोन्ही देशांचा उल्लेख 'ऑक्युपाइंग पॉवर्स' असा केला आणि कर्तव्याला धनी मिळाला.

'कोलॅटरल डॅमेज' ही संज्ञा याच्या उलट काम करते. लष्करी लक्ष्यावर मारा करताना नागरिकांची होणारी जीवित व वित्तहानी, हा तिचा अर्थ. पण तीत ना मारणारा दिसतो, ना मरणारा. कोसोवो युद्धानंतर जर्मनीतील भाषाविषयक परीक्षक मंडळाने या संज्ञेच्या जर्मन रूपाला १९९९ चा 'अ-शब्द' ठरविले होते.

'रेफ्युजी' आणि 'इंटर्नली डिस्प्लेस्ड पर्सन' यांतही मूलभूत फरक आहे. छळाच्या भयाने सीमा ओलांडलेल्या निर्वासिताला १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचा आधार मिळतो. देशातच परागंदा झालेल्या विस्थापिताला तो मिळत नाही. मराठीत मात्र दोघांनाही सर्रास 'निर्वासित' म्हटले जाते.

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये सैन्य घुसविले तेव्हा त्याला 'विशेष लष्करी कारवाई' म्हटले. २ मार्च रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४१ मतांनी 'ॲग्रेशन' हाच शब्द वापरून त्याचा निषेध केला. भारत तटस्थ राहिला.

इंग्रजी वृत्तसंस्थांच्या बातम्या मराठीत आणताना म्हणूनच सावधगिरी हवी. 'कोलॅटरल डॅमेज'चे 'आनुषंगिक हानी' हे भाषांतर शब्दशः बरोबर आहे. 'माऱ्यात नागरिक ठार' असे लिहिले तर कोण मेले ते कळते. मारा कोणत्या सैन्याने केला हेही लिहिले, तरच बातमी पूर्ण होते.