वळकटी का गेली?

दोन दिवसांच्या कामासाठी मुंबईहून नागपूरला निघालेला माणूस आज एक बॅग खांद्याला अडकवतो आणि घराबाहेर पडतो. कपड्यांचे दोन जोड, टॉवेल, दाढीचे सामान आणि फोनचा चार्जर एवढ्यावर त्याचे भागते. त्याच्या आजोबांना हाच प्रवास करायचा असता, तर तयारी आदल्या दिवसापासून चालली असती. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, फराळाचा डबा आणि मुक्कामी स्वयंपाक करावा लागणार असेल तर स्टोव्ह व चार भांडी, असा तो संसार असे. या फरकाचे सोपे उत्तर असे दिले जाते की, पूर्वीच्या लोकांना आटोपशीर प्रवास जमत नव्हता आणि आपण तो शिकलो. कपडे घडी करण्याऐवजी गुंडाळावेत, जोड्यांमध्ये मोजे कोंबावेत, अशा सल्ल्यांना आज तोटा नाही, आणि त्यांचा सगळा रोख प्रवाशाच्या सवयींवर असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. सामान किती न्यायचे हे घरी ठरते असे वाटले, तरी मुळात ते वाटेवर ठरलेले असते. जिथे थांबायचे तिथे पाणी, अंथरूण, अन्न आणि निर्धास्त टेकायला जागा मिळेल अशी खात्री असली की माणूस हलका निघतो. ती नसली की निम्मे घर बांधून बरोबर नेतो. महाराष्ट्रातल्या प्रवासी सामानाचा गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास या एका सूत्राने नीट उलगडतो.

त्या जुन्या ओझ्यात काय होते ते आधी पाहू. वळकटी म्हणजे सतरंजी, पातळ गादी, चादर, उशी, आणि बहुधा त्यांच्या पोटात दडपलेले कपडे, हे सारे गुंडाळून दोरीने किंवा पट्ट्याने आवळलेले. जरा बऱ्या स्थितीतल्या घरात तिच्या जागी खाकी कॅनव्हासचा होल्डॉल आला. वळकटी रात्री अंथरूण होई आणि दिवसा बसायची बैठक. फिरकीच्या तांब्याला आट्यांचे घट्ट झाकण असे, त्यामुळे हिंदकळले तरी पाणी सांडत नसे. फराळात दशम्या असत, कारण दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी टिकते, आणि सोवळ्याच्या हिशेबाने तिला पाण्याचा विटाळही मानला जात नसे. बरोबर तिळाची किंवा लसणीची चटणी, गूळ, पोहे. यातली एकही वस्तू हौसेची नाही. वाटेवर न मिळणाऱ्या प्रत्येक सोयीसाठी एकेक वस्तू होती. अंथरूण नाही म्हणून वळकटी, खात्रीचे पाणी नाही म्हणून तांब्या, आणि कुणाच्या हातचे खावे याचे जातीने घातलेले निर्बंध होते म्हणून दशम्या आणि स्वतःची भांडी. त्या काळच्या माणसाने सामान बांधण्यात कसूर केलेली दिसत नाही. उलट एका गुंडाळीत बिछाना, कपडे आणि बैठक बसवणारी वळकटी आटोपशीरपणाचा उत्तम नमुना आहे.

रेल्वेपूर्वीच्या प्रवासात हे अधिक ठळक दिसते. रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. त्या प्रवासाची हकिगत त्यांनी पुढे १८८३ मध्ये लिहिली आणि १९०७ मध्ये ती ‘माझा प्रवास’ या नावाने छापली गेली. बंडाच्या धामधुमीत ते वाटेत अनेकदा लुटले गेले, आणि तरीही प्रवास रेटता आला तो वाटेवरच्या आश्रयांच्या बळावर: ओळखीच्या ब्राह्मणांची घरे, देवळे, धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या कारकिर्दीत (१७६७ ते १७९५) दूरदूरच्या तीर्थक्षेत्री आणि रस्त्यांवर घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या, त्याचे मोल इथे कळते. धर्मशाळेत डोक्यावर छप्पर, चार ओवऱ्या आणि विहिरीचे पाणी मिळे. त्यामुळे राहुटी आणि पाण्याचे मोठे भांडे यांचे ओझे कमी होई. पण अंथरूण, शिधा आणि पातेली प्रवाशालाच आणावी लागत. जेवढी सोय वाटेवर, तेवढे ओझे कमी. हे प्रमाण तेव्हापासूनचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, सामान हलके झाले ते वेगामुळे. महिन्याचा प्रवास दिवसावर आला, मग बिछाना कशाला न्यायचा? हे पटण्यासारखे वाटते, पण तारखा त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. भोर घाटातला मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता सलग लोहमार्ग झाला. काशीयात्रेला महिन्यांऐवजी दिवस लागू लागले. तरीही वळकटी गेली नाही. ती पुढे शंभर वर्षे फलाटांवर ठाण मांडून होती, आणि गाडी ओझे वाहते म्हटल्यावर तिच्यासोबत ट्रंकही आली. कारण उघड आहे. तिसऱ्या वर्गात लाकडी बाक होते, झोपायची सोय नव्हती, आणि गाडी बदलताना जंक्शनवर रात्र काढायची तर फलाटाच्या फरशीवर. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिले, त्यात याच गर्दीचे, घाणीचे आणि गैरसोयीचे वर्णन आहे. गरिबी हे कारण म्हणावे, तर पहिल्या वर्गाने जाणारे इंग्रज साहेबही आपापला बिछाना घेऊनच गाडीत चढत. गाडीत मऊ आसन मिळे, पण चादर-उशी मिळत नसे, आणि पुढे डाकबंगल्यात खाट, टेबल, खुर्ची असली तरी अंथरूण आपले आपणच न्यायचे असे. पैसा असलेल्यांनी हमाल लावले. त्यांचे ओझे कमी झाले नाही, ते फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर गेले.

तयारी कितीही चोख असली तरी वाटेवरची व्यवस्था माणसाला कशी हतबल करते, याचा सर्वांत बोचरा पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोंदवून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. वडील गोरेगावला नोकरीवर होते. त्यांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. मुले नव्या कपड्यांत होती, जेवण भरपूर बांधून घेतलेले होते. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. रात्री जकात नाक्याजवळ मुक्काम पडला. पिण्याचे पाणी कुणी दिले नाही, आणि पाण्यावाचून डब्यातले अन्न घशाखाली उतरेना. भरल्या डब्याशेजारी ती मुले उपाशी झोपली. सामान बांधण्यात त्यांची कोणती चूक झाली होती? कोणतीही नाही. ज्या समाजात पाणवठा जातीने बंद केलेला आहे, तिथे कोणत्याही युक्तीने बांधलेली पिशवी पुरी पडत नाही. स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे ठेवले जाई, त्या काळाची ही गोष्ट आहे. हलक्या सामानाने फिरता येणे हा सोयीचा प्रश्न आहेच, पण आपल्या इतिहासात तो आधी माणुसकीच्या हक्काचा प्रश्न होता.

दुसरा आक्षेप वारीकडे बोट दाखवील. वारकरी तर शतकानुशतके पडशी, टाळ आणि पताका एवढ्यावर पंढरीला जातो. मग हलकेपणा हा मनाच्या विरक्तीचा भाग नव्हे काय? विरक्ती आहे, यात शंका नाही. पण आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता नुसत्या विरक्तीवर चालून होत नाही. मुक्कामाची गावे ठरलेली असतात, कोणत्या गावी कोणी जेवण द्यायचे याच्या पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या रीती असतात, दिंडीचे तंबू आणि शिधा पूर्वी बैलगाड्यांतून जाई आणि आता ट्रकमधून जातो. वारकऱ्याचे खांदे मोकळे राहतात, कारण अनेक गावांनी ते ओझे वाटून घेतलेले असते. हे मर्म गाडगे महाराजांइतके स्पष्ट कुणी जाणले नसेल. त्यांचे स्वतःचे सामान म्हणजे एक गाडगे आणि एक खराटा. पण बाकीच्यांनी माझ्यासारखे निःसंग व्हावे, असे सांगत ते बसले नाहीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंना इतर धर्मशाळांत थारा नव्हता, म्हणून चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या स्वाधीन केली. मसूरजवळ तहानलेल्या त्या मुलाला पुढे धर्मशाळेची इमारत सोपवली जाते, ही घटना प्रवासाच्या इतिहासात मोलाची आहे.

वळकटी खरोखर सुटली ती स्वातंत्र्यानंतर, टप्प्याटप्प्याने. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला आडवे होण्यासाठी शायिका मिळू लागली. १९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नावच बंद झाले. पण दुसऱ्या वर्गातली शायिका अजून लाकडाचीच होती, म्हणून गादी बरोबर न्यावी लागेच. १९७७ ते १९७९ या काळात राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शायिकांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय त्यांनी घेतला. दोन इंच ही मोजायला क्षुल्लक गोष्ट. पण तिने कोट्यवधी प्रवाशांच्या डोक्यावरची गादी उतरवली. एव्हाना वाटेवर खाणेपिणेही मिळू लागले होते. घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडायची म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबत, आणि त्या थांब्यावर कर्जतचा बटाटेवडा नावारूपाला आला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली आणि पुढे तालुक्याच्या गावी स्टँड, नळ आणि उपाहारगृह उभे राहिले. एकमेकांच्या हातचे न खाण्याचे बंधन याच गर्दीत ढिले पडले. दशम्यांची जागा वड्याने घेतली, तेव्हा त्यात सोयीइतकाच हा सामाजिक बदलही होता.

हे सूत्र खरे की योगायोग, याची कसोटी अगदी अलीकडे आपोआप लागली. करोनाच्या साथीत रेल्वेने वातानुकूलित डब्यांतली चादर, उशी आणि पांघरूण देणे बंद केले. मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघाला. मधल्या काळात गाड्यांचा वेग घटला नव्हता आणि प्रवासी अडाणी झाले नव्हते. तरी चादर आणि शाल पुन्हा घरून निघाली आणि बॅगा फुगल्या. वाटेवरची एक सोय काढली आणि वळकटीचा अंश परत आला. याहून नेमका पुरावा शोधून सापडणार नाही.

यंत्रे आणि साधने यांनी काहीच केले नाही काय? केले. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाला चाकांच्या सूटकेसचे पेटंट १९७२ मध्ये मिळाले. रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये उभी ओढायची बॅग तयार केली. आपल्याकडे पत्र्याच्या ट्रंकेची जागा हलक्या, साच्यातून काढलेल्या सूटकेसने घेतली आणि नाशिकसारख्या शहरात तिचे कारखाने चालले. रात्री धुतले की सकाळी वाळणारे कपडे आले, त्यानेही जोड कमी लागू लागले. हे सारे मान्य. मात्र चाके वजन कमी करत नाहीत, ते खांद्यावरून जमिनीवर उतरवतात, आणि त्यासाठी जमीन सपाट लागते. फलाटाची फरशी उखडलेली असेल, उतार नसेल, सरकता जिना बंद असेल, तर चाकांची बॅग उचलूनच न्यावी लागते. साधनालाही सार्वजनिक व्यवस्थेचाच आधार लागतो.

आणखी एक आक्षेप प्रामाणिक आहे. सगळे सामान गरजेपोटी नसते. कोकणातून मुंबईला परतणारा चाकरमानी तांदूळ, नारळ, आमसुले बांधून आणतो, ते मायेचे ओझे. ते खरेच या हिशेबात बसत नाही, आणि बसवूही नये. आगबोटीच्या दिवसांत ते होते, कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावरही, म्हणजे १९९८ नंतरही, ते आहेच. बदलले ते दुसरे ओझे, धास्तीचे. अंथरूण मिळेल का, पाणी मिळेल का, या धास्तीने बांधलेले सामान.

म्हणून प्रवासाला काय न्यावे, या प्रश्नाचे उत्तर प्रवाशाइतकेच वाटेवरच्या थांब्यालाही विचारले पाहिजे. विमानात आज केबिनमध्ये सात किलो आणि सामानात पंधरा किलो अशी मर्यादा देशांतर्गत प्रवासाला सर्वसाधारणपणे असते, आणि विमानतळावर पाणी, स्वच्छतागृह, बसायला जागा असते, म्हणून ती पाळता येते. ज्या एसटी स्टँडवर नळ कोरडा आहे, सामान ठेवायची खोली बंद आहे आणि स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही, तिथल्या प्रवाशाला कमी सामानाचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. हा अन्याय बाईला सर्वांत जास्त सोसावा लागतो. लहान मूल बरोबर असले की तिची पिशवी आजही जुन्या वळकटीइतकी जड असते, आणि त्याचे कारण तिची सवय नव्हे, थांब्याची दुरवस्था आहे. धर्मशाळा बांधणाऱ्यांनी आणि दोन इंच फोम बसवणाऱ्यांनी जे केले, ते आता आपल्या नगरपालिका, एसटी आणि रेल्वे यांच्याकडून मागून घेतले पाहिजे: प्रत्येक स्टँडवर आणि स्टेशनवर चालू नळ, स्वच्छ शौचालय, कुलूपबंद सामानघर आणि रात्री निर्धास्त टेकता येईल असे प्रतीक्षालय. ही मागणी नागरिकांनी सतत आणि एकजुटीने करावी.