‘त्रेसष्ट’ की ‘साठ तीन’? गणिताची सामाजिक बाजू
गणित सगळ्यांना सारखंच, असं म्हणतात. पण ते शिकवलं जातं भाषेतून, आणि प्रत्येक घरची भाषा वेगळी. गणित शिक्षणाचा सामाजिक अंगाने अभ्यास करणारे संशोधक हेच तपासतात.

महाराष्ट्रात हा मुद्दा २०१९ मध्ये गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’सोबत ‘साठ तीन’ असंही संख्यावाचन आलं. कारण काय? ६३ लिहिताना ६ आधी येतो, बोलताना मात्र ‘त्रे’, म्हणजे तीन. म्हणून काही मुलं ३६ लिहितात. कन्नड आणि तेलुगूमध्ये दशक आधीच बोलतात.

मराठी बिघडेल, अशी टीका झाली. विषय विधानसभेतही पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी स्पष्ट केलं, की जुनी पद्धत काढलेली नाही, नवी तिच्या जोडीला दिली आहे.

मावळातल्या ठाकर किंवा कातकरी वस्तीतून येणाऱ्या मुलाला शाळेची प्रमाण मराठीच नवी असू शकते. त्यात ‘एकोणसाठ’, ‘त्र्याण्णव’ अडले, की ‘गणितात कच्चा’ हा शिक्का बसतो. अडलं ते गणित की शब्द, हे आधी पाहायला हवं.