व्हर्टेक्स शेडरमधली किंमत फ्रॅगमेंट शेडरला कशी मिळते?

गेममधला चेंडू असो की गाडी, जीपीयूसाठी ते सगळे त्रिकोणच. व्हर्टेक्स शेडर त्रिकोणाच्या ३ कोपऱ्यांसाठी चालतो, फ्रॅगमेंट शेडर आतल्या प्रत्येक पिक्सेलसाठी. पहिल्याने काढलेली किंमत दुसऱ्याला द्यायची, तर ओपनजीएल ईएस ३.० मध्ये पहिल्यात ‘आउट’ आणि दुसऱ्यात ‘इन’ लिहून व्हेरिएबल जाहीर करा. नाव आणि टाइप दोन्हीकडे सारखेच ठेवा.

पण किंमत जशीच्या तशी पोहोचत नाही. एक कोपरा लाल आणि दुसरा निळा असेल, तर मधल्या पिक्सेलला जांभळा मिळतो. याला इंटरपोलेशन म्हणतात.

मी इथेच फसलो होतो. चेंडूवर प्रकाश पाडताना नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाची दिशा दाखवणारा १ लांबीचा व्हेक्टर, पुढे पाठवला. प्रत्येक त्रिकोण मध्यभागी फिका दिसायला लागला. दिवसभर लाइटचं गणित तपासत बसलो, चूक तिथे नव्हतीच! वेगवेगळ्या दिशांचे व्हेक्टर मिसळले की लांबी १ पेक्षा कमी होते. फ्रॅगमेंट शेडरमध्ये पुन्हा ‘नॉर्मलाइझ’ केलं आणि चेंडू गोल दिसला.

मिसळण नकोच असेल तर ‘फ्लॅट’ लिहा. मग एकाच कोपऱ्याची किंमत पूर्ण त्रिकोणाला मिळते. पूर्णांकांसाठी तर ते सक्तीचंच आहे.