नदींतलें सोनें आणि एक दाखला

आपल्याकडचे झारेकरी सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढतात. तसाच नदीचा गाळ परातींत धुण्यास सरकारचा परवाना कशाला, असें कोणासही वाटेल. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत या प्रश्नावरून रक्त सांडलें.

१८५१ सालीं तेथें सोनें सांपडलें. सरकारनें प्रत्येक खोदणाऱ्यावर दरमहा ३० शिलिंगांची परवाना-फी बसविली. खर्च भागावा आणि मजुरांनीं कामें सोडून जाऊं नये, हा हेतु. सोनें मिळो वा न मिळो, फी द्यावीच लागे. पोलीस परवाने तपाशीत फिरत. अखेर बॅलरट येथें लोकांनीं परवाने जाळले व लांकडी कोट उभारला. ३ डिसेंबर १८५४ रोजीं पहांटे फौजेनें हा ‘युरेका’ कोट मोडला. २० हून अधिक खोदणारे मेले. १८५५ सालीं मासिक परवाना जाऊन वर्षाला १ पौंडाचा ‘खाणकऱ्याचा हक्क’ आला, त्यासोबत मताधिकारही.

त्याच नांवाचा दाखला आज हौशी लोक घेतात. त्यांनीं हाताचीं साधीं अवजारें वापरावीं, खड्डे बुजवावे आणि मनाई असलेल्या ओढ्यांत खोदूं नये, अशा अटी आहेत. पूर्वीं नियम तिजोरीसाठीं होता. आज तो नदीसाठीं आहे. म्हणूनच तो जाळावा असें कोणास वाटत नसावें.