जपानी भरवसा, जर्मन खर्च: एका समजुतीचे खंडन

स्पोर्ट्स कारच्या चाहत्यांत एक मत इतके रुजले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. जपानी गाडी घ्या, वेळेवर ऑइल बदला, ती निमूट चालत राहील; जर्मन घ्याल तर वॉरंटी संपताच गॅरेजच्या बिलांनी कंबर मोडेल. हा पूर्वपक्ष. तो सरसकट खोटा असता तर इतकी वर्षे टिकला नसता, म्हणून आधी त्याचीच बाजू पुरती मांडायला हवी.

माझदाची एमएक्स-५ १९८९ साली आली. हलकी गाडी, चार सिलिंडरचे साधे इंजिन, हाताशी येणारे सगळे भाग. तिचा देखभालीचा खर्च घरच्या हॅचबॅकहून फार वेगळा नाही. होंडाच्या एस२००० चे इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेते आणि तरीही नीट निगा राखलेल्या गाड्या आज उत्तम चालतात. टोयोटा सुप्राचे जुने २जेझेड इंजिन ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे. त्या काळी जपानी कंपन्यांनी २८० अश्वशक्तीच्या वरचा आकडा जाहीर करायचा नाही असे आपसांत ठरवले होते. त्यामुळे पुष्कळ जास्त सोसू शकणारे हे इंजिन जपानी बाजारात मात्र २८० चा आकडा घेऊनच उतरे. समोरच्या पारड्यात बीएमडब्ल्यू: दहा सिलिंडरची ई६० एम५ आणि आठ सिलिंडरची ई९२ एम३. दोन्हींच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे अकाली झिजण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत; जाणते मालक बिघाडाची वाट न पाहता ती आधीच बदलून घेतात. पोर्शेच्या ९९६ पिढीतल्या ९११ आणि बॉक्स्टरचे दुखणे याहून वाईट. त्यांच्या इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग निखळले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळे इंजिनच भंगारात जाते. हे प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेले आणि २०१३ साली तडजोडीने मिटले.

एवढ्यावरून निकाल लावायचा मोह होतो. पण न्यायदर्शन, म्हणजे भारतीय तर्कशास्त्र, शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी एक उदाहरण देतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. जिथे अग्नी तिथे धूर, हे खोटे. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या इंधनामुळे. या ओल्या इंधनाला नैयायिक उपाधी म्हणतात: दिसणाऱ्या कारणाच्या मागे लपलेले खरे कारण. जपानी असणे आणि भरवशाचे असणे यांच्या नात्यातही अशीच एक उपाधी लपली आहे. वर नावे घेतलेल्या जपानी गाड्या पुन्हा पाहा. एमएक्स-५ च्या इंजिनावर ताण थोडा. २जेझेडमध्ये ताकदीला भरपूर शिल्लक. एस२००० ला टर्बो नाही, आणि ९,००० फेऱ्यांसाठीच ते इंजिन मुळापासून आखलेले. या गाड्या टिकल्या, कारण इंजिन जेवढे सोसू शकते त्याहून कमीच काम त्याच्याकडून घेतले गेले. जिथे ही शिल्लक संपते तिथे जपानी नाव उपयोगाला येत नाही.

माझदाचीच आरएक्स-८ घ्या. एमएक्स-५ बनवणारी तीच कंपनी, तेच हिरोशिमा. पण इंजिन रोटरी. तिकोनी रोटरच्या टोकांवरच्या सीलवर सगळा दाब अवलंबून असतो, त्यांच्या वंगणासाठी इंजिन मुद्दाम थोडे ऑइल जाळते, आणि ते सील झिजले की गाडी गरम झाल्यावर सुरू होईनाशी होते. अमेरिकेत माझदाला या इंजिनाची वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. रोटरी इंजिनावर माझे प्रेम आहे. १९९१ साली ल मांची शर्यत जिंकणारे ते यंत्र माणसाच्या कल्पकतेचा मोठा पराक्रम आहे. पण ते भरवशाचे आणि स्वस्त आहे असे जपानच्या नावावर कोणी सांगू लागले तर ते मान्य करता येणार नाही.

निस्सान जीटी-आर आर३५ चेही तसेच. योकोहामात एकेक कारागीर एकेक इंजिन हाताने जोडत असे, हे कौतुक खरेच. पण सुरुवातीच्या गाड्यांत स्थिरता-नियंत्रण बंद करून लाँच कंट्रोल वापरणाऱ्या अमेरिकन मालकांचे गिअरबॉक्स फुटले, कंपनीने वॉरंटी नाकारली, आणि पुढे लाँच कंट्रोलचा प्रोग्रॅमच बदलावा लागला. गिअरबॉक्सचे खास ऑइल, मोठ्या ब्रेक डिस्क, रनफ्लॅट टायर यांचा खर्च याच वर्गातल्या जर्मन गाडीच्या पंक्तीत बसतो. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड २०१८ साली व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या दोषासाठी परत बोलावल्या गेल्या. बॉक्सर रचनेमुळे त्या स्प्रिंग बदलायला इंजिन खाली उतरवावे लागे.

आता जर्मन बाजू. जे. डी. पॉवरच्या तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या अमेरिकन पाहणीत २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी सर्व मॉडेलांत पहिला क्रमांक पोर्शे ९११ चा होता. यावर कोणी म्हणेल की ९११ कमी चालवली जाते आणि लाडात ठेवली जाते. आक्षेप बरोबर आहे, मी तो मान्य करतो. पण तोच न्याय गॅरेजात झाकून ठेवलेल्या होंडाच्या एनएसएक्सलाही लावावा लागेल. शिवाय ९११ चे दुखणे एका विशिष्ट इंजिनाचे होते. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये पोर्शेचे इंजिन-अभियंते हान्स मेत्स्गर यांच्या परंपरेतले वेगळे इंजिन होते. त्यांना तो बेअरिंगचा आजार नव्हता. २००९ च्या मॉडेलपासून नव्या इंजिनात तो इंटरमीडिएट शाफ्टच उरला नाही. पोर्शेचे सगळेच निर्दोष असते असे नव्हे. २०१४ साली नव्या जीटी३ च्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होऊन गाड्या पेटल्या. कंपनीने सर्व ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली.

आणखी एक गोष्ट या वादात कोणी काढत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बुडायला आलेल्या पोर्शेने टोयोटाच्या पद्धतीत घडलेल्या जपानी सल्लागारांना त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात बोलावले आणि त्यांच्या सांगण्यावरून आपली उत्पादनपद्धत बदलली. आजच्या ९११ मध्ये जपानी शिस्त आहे. आणि उलट दिशेचे उदाहरण तर वाद मिटवणारेच आहे. २०१९ ची टोयोटा जीआर सुप्रा ऑस्ट्रियात ग्राट्सला मॅग्ना श्टायरच्या कारखान्यात बीएमडब्ल्यू झेड४ सोबत तयार झाली. तिचे सहा सिलिंडरचे बी५८ इंजिन बीएमडब्ल्यूचे, आठ गिअरचा ऑटोमॅटिक जर्मन झेडएफ कंपनीचा. हे इंजिन चांगले टिकते असे नाव मिळवून आहे. मग ते श्रेय कुठल्या देशाच्या खात्यावर लिहायचे? पूर्वपक्षाकडे याचे उत्तर नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र भरवशाहून वेगळा आहे, आणि दोन्हींची गल्लत हीच या समजुतीतली सर्वांत महाग चूक. गाडी किती वेळा बिघडते हे एक. बिघडल्यावर सुटा भाग मिळतो का, कितीला मिळतो, बसवणारा हात कुठे आहे, हे दुसरे. जुन्या गाड्यांत तर दुसराच प्रश्न भारी पडतो. पोर्शेने जुन्या मॉडेलांच्या हजारो भागांचा पुरवठा चालू ठेवला आहे. निस्सानने जुन्या स्कायलाइन जीटी-आरसाठी असे भाग पुन्हा बनवायला २०१७ साली, टोयोटाने जुन्या सुप्रासाठी त्याहूनही नंतर सुरुवात केली. मधल्या वर्षांत मालक भंगारातल्या गाड्यांतून भाग शोधत राहिले. जुन्या एनएसएक्सची सगळी बॉडी ॲल्युमिनियमची. ती ठोकली गेली तर नेहमीचा डेंटर हात लावू शकत नाही.

आपल्याकडे हा दुसरा प्रश्न अधिकच टोकदार होतो. माझदाच्या स्पोर्ट्स कार भारतात अधिकृतपणे कधी आल्याच नाहीत. जीटी-आर २०१६ च्या डिसेंबरमध्ये १.९९ कोटी रुपयांना आली, पण थोड्याच हातांत गेली. पोर्शे आणि बीएमडब्ल्यूची विक्री आणि सर्व्हिस मात्र मुंबईत वर्षानुवर्षे चालू आहे. त्यामुळे जपानी म्हणून स्वस्त पडेल हा हिशेब इथे पुष्कळदा उलटा निघतो: गाडी बिघडत नाही, पण बिघडली तर भाग जहाजाने येईपर्यंत ती उभी राहते.

म्हणून गाडी घेणाऱ्याने इंजिन कोणते, ते कुठल्या वर्षाचे, त्या वर्षाचा माहीत असलेला दोष कोणता आणि तो दुरुस्त झाला आहे का, हे आधी विचारावे. मग मागच्या मालकाची सगळी सर्व्हिस बिले मागावीत, आणि ती नसतील तर इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय इसार देऊ नये.